वाट न दाखवणारा खेळ



मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी. वय ६७, मुक्काम देहरादून. या मालिकेत बोलायला बोलावलं तेव्हा संयोजकांना वाटलं असणार, कर्नलसाहेब एखादी मोहीम सांगतील, नाहीतर शिस्तीवर बोलतील. मी बोलणार आहे एका व्हिडिओ गेमबद्दल. ज्यांचं बोट चॅनेल बदलायला निघालं असेल त्यांनी जरा दमानं घ्या. शिस्त त्यात येणारच आहे, नकाशावाचनही येणार आहे.

खेळाचं नाव 'हॉलो नाइट'. इथे नाइट म्हणजे रात्र नव्हे, शिलेदार. पोकळ शिलेदार. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या 'टीम चेरी' नावाच्या एका चिमुकल्या कंपनीने तो बनवला. एरी गिब्सन आणि विल्यम पेलन ही त्यातली दोन मुख्य माणसं. २०१४च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. जमले ५७,००० हून थोडे जास्त. फेब्रुवारी २०१७मध्ये खेळ बाजारात आला. पुढचा भाग, 'सिल्कसाँग', सप्टेंबर २०२५मध्ये आला, तेव्हा पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की ऑनलाइन विक्रीची दुकानं काही वेळ बंद पडली. माझी नात सोळा वर्षांची आहे. ती त्या झुंबडीत होती. हा सगळा अभ्यास मला तिच्यामुळे झाला.

ज्यांनी असले खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे उड्या मारण्याचा खेळ. बाजूने दिसणारं एक चित्र असतं, त्यात कडे, कपारी, खड्डे असतात आणि आपला गडी धावत, उड्या मारत पुढे जातो. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' तुमच्या मुलांनी नक्की खेळलेला असेल. त्यात दिशा एकच, उजवीकडे. मागे फिरायची सोयच नव्हती. पुढच्याच वर्षी, १९८६मध्ये, निन्टेन्डोने जपानमध्ये 'मेट्रॉइड' आणला. त्यात सवयीप्रमाणे उजवीकडे निघालं की थोड्याच वेळात एक बुटकी फट आडवी येते, तिच्यातून जाता येत नाही. जी वस्तू मिळाल्यावर त्यातून जाता येतं, ती ठेवलेली असते सुरुवातीच्या जागेच्या डावीकडे! एका छोट्या खोडीने खेळ सांगून टाकतो, की बाबा रे, इथे दिशा तुझी तू ठरवायची आहेस. 'हॉलो नाइट' याच घराण्यातला.

आता हा खेळ सुरू कसा होतो ते ऐका. एक इवलासा किडा, डोक्याला पांढरा मुखवटा, हातात खिळ्याएवढी तलवार. खरोखरच तिला खेळात 'खिळा' म्हणतात. तो एका गुहेत येऊन पडतो. कुणी स्वागत करत नाही, कामाची यादी देत नाही. वाटेत एकदोन शिलालेख आहेत, जखम कशी भरून काढायची एवढं सांगणारे. गुहेतून बाहेर पडलं की ओसाड गाव लागतं, डर्टमाउथ. गावात एक म्हातारा किडा उभा असतो. तो म्हणतो, खाली एक जुनं राज्य आहे, बरेच जण विहिरीतून उतरून गेले. संपलं मार्गदर्शन. विहिरीत उतरलात की समोर चारी दिशांना बोगदे, आणि पडद्यावर एकही बाण नाही.

नकाशा आहे का? आहे, पण तो कमवावा लागतो. कॉर्निफर नावाचा एक नकाशाकार किडा त्या राज्यात फिरत असतो. प्रत्येक नव्या मुलखात तो कुठेतरी बसलेला असतो. त्याला शोधायचं कसं? जमिनीवर त्याच्या कागदाचे चिटोरे पडलेले दिसतात, आणि जवळ गेलं की त्याचं गुणगुणणं ऐकू येतं. पैसे मोजले की तो त्या भागाचा कच्चा आराखडा देतो. कच्चाच. राहिलेला भाग आपण भरायचा, आणि त्यासाठी गावातल्या त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची. त्यातही आपण चालत असताना नकाशा भरत नाही. कुठेतरी बाकडं सापडलं, त्यावर आपला किडा टेकला, की मग तो पाहिलेलं कागदावर उतरवतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीत सरसावून बसलो. कारण रेकी अशीच करतात. चालताना डोळे उघडे ठेवायचे, खुणा मनात धरायच्या. आडोशाची जागा मिळाली की बसून टिपणं घ्यायची. चालता चालता कागदात डोकं घालणारा गडी एकतर खड्ड्यात जातो, नाहीतर शत्रूच्या नजरेत येतो.

आणि त्या नकाशावर आपण नेमके कुठे उभे आहोत, ही खूणसुद्धा फुकट मिळत नाही. त्यासाठी होकायंत्र विकत घ्यावं लागतं. नुसतं घेऊन भागत नाही. आपल्या किड्याला मोजक्याच वस्तू अंगावर बाळगता येतात, त्यातली एक जागा त्याला द्यावी लागते. ती दिली की दुसरी एखादी कामाची वस्तू मागे राहते. ज्याने पाठीवर पिठ्ठू घेऊन डोंगर चढलाय त्याला हा हिशेब वेगळा समजावायला नको. प्रत्येक सोयीचं वजन असतं.

इथे देहरादूनला भारतीय सर्वेक्षण विभागाचं मुख्यालय आहे. कुमाऊँमधल्या मिलम गावचे नैन सिंह रावत यांना त्या काळच्या सर्वेक्षण खात्याने याच गावात तयार केलं. १८६५-६६मध्ये ते काठमांडूहून ल्हासाला गेले, आणि अंतर मोजलं पावलांनी. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. टिपणं लपवली होती प्रार्थनाचक्रात. नकाशावरची एकेक रेघ म्हणजे कुणाची तरी पायपीट असते, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं जायचं. हा खेळ तेच सोळा वर्षांच्या मुलीला काही न सांगता शिकवतो. नैन सिंहांची गोष्ट नातीला सांगितली तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे खरा कॉर्निफर!"

आता मुद्द्यावर येतो. 'हा खेळ मार्गदर्शन करत नाही' असं सगळे म्हणतात. खेळणाऱ्याला तसंच वाटतं. पण मी चाळीस वर्षं एकतर शिकत होतो नाहीतर शिकवत होतो, त्यामुळे माझी नजर शिकवणाऱ्याच्या जागेवरून जाते. तिथून बघितलं तर या खेळाच्या कर्त्यांनी पावलोपावली मार्गदर्शन केलंय. बोलून मात्र केलेलं नाही.

तीन उदाहरणं देतो. पहिलं, सुरुवातीचा मुलूख. चारी दिशांना बोगदे दिसतात खरे, पण त्यातले बरेच अडलेले आहेत. पलीकडच्या हिरव्या प्रदेशाच्या तोंडाशी एक टणक कवचाचा प्राणी बसलाय. खिळ्याने त्याचं काही वाकडं होत नाही. मग खेळाडू दुसरीकडे हिंडतो, एका मोठ्या शत्रूशी लढतो, एका गोगलगायीकडून मंत्र मिळवतो, आणि त्याला आठवतं, अरे, तो वाट अडवून बसलेला! मोकळं मैदान वाटलं ते पहिले काही तास एक निमुळतं अंगण होतं. सरावाची जागा अशीच असावी लागते.

दुसरं उदाहरण. त्या हिरव्या प्रदेशात, ग्रीनपाथमध्ये, लाल वस्त्रातली एक आकृती अधूनमधून दिसते आणि पळून जाते. तिचं नाव हॉर्नेट. माणसाचा स्वभावच असा की पळणाऱ्याच्या मागे तो जातो. तिच्या मागे लागून आपण बरोबर तिथे पोचतो, जिथे तिच्याशी लढाई होते आणि वेगाने झेप घेण्याची शक्ती मिळते. पडद्यावर बाण नव्हता. बाणाचं काम हॉर्नेटने केलं.

तिसरं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं. पुढे नाकतोड्यासारख्या योद्ध्यांचं एक गाव लागतं. त्यांच्या तीन सरदारांशी लढायचं की नाही, ते आपल्यावर. लढून जिंकलो, तर मघापर्यंत अंगावर येणारे तिथले योद्धे आपल्यासमोर मान झुकवतात. आणि ज्या दाराची ते राखण करत होते ते उघडतं. पलीकडे डीपनेस्ट. काळोख, चिंचोळ्या वाटा, भिंतीतून येणारे आवाज. 'पुढे धोका आहे' अशी पाटी कुठेही लावलेली नाही. पण पहारा इतका कडक, तर आत काय असेल, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. पहारा हीच पाटी.

सैन्यातसुद्धा चांगल्या आदेशाची खूण हीच. काय साधायचं आणि कशासाठी, ते स्पष्ट सांगायचं. कसं, ते शक्यतो त्या जागी उभ्या असलेल्या माणसावर सोडायचं. आता तरुण अधिकाऱ्याला असं मोकळं सोडणं म्हणजे वरिष्ठाने हात झटकणं असं काहींना वाटतं. उलट आहे. रात्रीच्या दिशाशोधन सरावाला प्रशिक्षणार्थी नकाशा, होकायंत्र, टॉर्च घेऊन अंधारात निघतो. त्याला वाटतं आपण एकटे आहोत. पण कोणता ओढा दुसऱ्या ओढ्यासारखा दिसतो, कोणत्या फाट्याला पोरं हमखास डावीकडे वळतात, हे प्रशिक्षकाने आधी चालून बघितलेलं असतं. वेळेत न परतलेल्यांना शोधायला माणसं तयार असतात. न सांगता शिकवायला सांगून शिकवण्यापेक्षा जास्त तयारी लागते.

आणि एक गोष्ट तर फारच लागते. वाट चुकण्याची किंमत परवडणारी ठेवावी लागते.

'हॉलो नाइट'मध्ये मेलात तर काय होतं? ज्या बाकड्यावर शेवटचे टेकलात तिथे पुन्हा उभे राहता. जवळची नाणी मेलेल्या जागी राहतात, आपल्याच काळ्या सावलीच्या ताब्यात. परत जा, त्या सावलीशी लढा, नाणी घेऊन या. वाटेत पुन्हा मेलात तर मात्र ती नाणी गेली. म्हणजे चुकीला किंमत आहे, नाहीतर कुणी विचारच केला नसता. पण शिकलेलं जात नाही, मिळवलेल्या शक्ती जात नाहीत, नकाशा जात नाही.

याच खेळात दुसराही एक प्रकार आहे. त्यात एकदा मेलात की सगळं संपलं, खेळ पुसला गेला. पण तो प्रकार खेळाडूला कधी खुला होतो? एकदा पूर्ण खेळ संपवल्यावर. मुलूख पायाखालचा झाल्याशिवाय पूर्ण किंमत मोजायला लावायची नाही, एवढं भान कर्त्यांनी ठेवलंय. मी टोपी काढून सलाम केला.

आता याची दुसरी बाजू. सुरुंग पेरलेल्या जमिनीतून जायचं असेल तर तिथे कुणी 'तुझी वाट तू शोध' म्हणत नाही. मोकळी केलेली वाट फिती लावून आखलेली असते आणि जवानाने तिच्या आतूनच चालायचं असतं. तिथे जिज्ञासा नको, पाऊल पुढच्याच्या पावलावर. का? कारण तिथे चुकलं तर परत उभं राहायला बाकडं नाही.

म्हणजे प्रश्न 'मुलांना सांगावं की सांगू नये' असा नाहीच. आधी हे बघायचं की इथे चुकलं तर जाणार काय. जीव, आरोग्य, कायमचं नुकसान होणार असेल तर फिती लावा, आवाज चढवा, हात धरा. आणि जाणार असतील चार नाणी, एक संध्याकाळ, एका चाचणीतले पाच गुण, तर जरा गप्प बसा.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट चालतं असं मला दिसतं. रस्त्यावर हेल्मेटशिवाय निघालेल्या पोराला कुणी अडवत नाही, आणि वहीत समासाची रेघ कुठे मारायची ते मात्र तीन माणसं सांगतात. सायन्स की कॉमर्स, कोणता क्लास, कोणता मित्र, सगळीकडे आपला बाण हजर. मग ते मूल अठराव्या वर्षी परगावी जातं, बाण संपतो, आणि आपण फोनवर विचारतो, तुला एवढंही कसं जमत नाही?

हे ऐकणारे तुमच्यातले पुष्कळ जण महाराष्ट्राबाहेर राहणारे आहात. कोलकाता, हैदराबाद, भोपाळ, बंगळुरू. आठवा तुम्ही त्या शहरात पहिल्यांदा उतरलात ते दिवस. भाषा येत नव्हती, भाजी कुठे मिळते माहीत नव्हतं, कोणती बस कुठे जाते ठाऊक नव्हतं. आज ते शहर तुम्हाला तळहातासारखं माहीत आहे. ते तुम्ही हिंडून हिंडून, विचारून विचारून कमावलेलं आहे. तुमची मुलं त्याच शहरात फोनवरचा बाण बघत हिंडतात, आणि कालच जाऊन आलेल्या ठिकाणी आज फोनशिवाय त्यांना जाता येत नाही. बाणामागे जाणाऱ्याला ठिकाण मिळतं, मुलूख मिळत नाही.

या खेळात मुलूख कसा मिळतो त्याचं एक उदाहरण देतो. भूगर्भात एक नगर आहे, सिटी ऑफ टिअर्स, अश्रूंचं शहर. तिथे अखंड पाऊस पडतो. जमिनीखाली पाऊस कसा? तिथे भेटलेला एक वाटसरू किडा नुसता तर्क करतो, की वर कुठेतरी पुष्कळ पाणी असावं. विषय तिथेच सुटतो. पुढे कित्येक तासांनी, भलत्याच वाटेने हिंडताना, खेळाडू एका निळ्या, शांत तळ्याच्या काठी येतो. नकाशा उघडून बघतो, तर तळं त्या नगराच्या वर! नात अक्षरशः उठून उभी राहिली. "आजोबा, पाऊस इथून पडतोय!" तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर ती माहिती झाली असती, आणि पुढच्या आठवड्यात विसरलीही असती.

आता प्रामाणिक आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, दिवसभर कामाने पिचलेल्या माणसाला अर्धा तास मिळतो, त्यात त्याने भिंती चाचपडत बसावं का? बरोबर आहे. हा खेळ त्याच्यासाठी नसेल. विरंगुळ्याचे खेळ वेगळे असतात आणि त्यात कमीपणा नाही. दुसरा आक्षेप, काही मुलं वाट सापडली नाही की खचतात, खेळ सोडून देतात. तेही खरं. या खेळातही मधल्या टप्प्यात वाटा इतक्या फुटतात की चांगले चांगले गोंधळतात. तिसरा आक्षेप, आज प्रत्येक कोड्याचं उत्तर इंटरनेटवर चित्रफितीत तयार आहे, मग या शोधाला अर्थ काय राहिला? याचं उत्तर असं, की उत्तर हाताशी असताना ते आत्ता बघायचं की थोडं थांबायचं, हे ठरवणं हीसुद्धा आज शिकावी लागणारी गोष्ट आहे.

आमच्या घरात त्यावर एक पद्धत बसली आहे. नात अडली की कंट्रोलर खाली ठेवून विचारते, "आजोबा, आता कुठे जायचं?" मला कित्येकदा माहीत नसतं, कधीकधी माहीत असतं. दोन्ही वेळेला मी तेच विचारतो. शेवटचं बाकडं कोणतं? त्यानंतर काय नवीन मिळालं? आणि ते नव्हतं म्हणून कुठून परत फिरलो होतो? एवढे तीनच प्रश्न. परवा ती भिंतीवर चढण्याची शक्ती मिळाल्यावर अर्धा तास नव्या जागांमध्येच हिंडत होती. तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प झाली. नकाशा उघडला, बोट फिरवत फिरवत विहिरीच्या तळापर्यंत नेलं आणि म्हणाली, "आई गं! पहिल्याच दिवशीचा तो उंच कठडा!" आठ दिवसांपूर्वीचा कठडा होता तो. मला नव्हता आठवत.

मोहिमेवरून परतलेल्या तुकडीला आम्ही हेच विचारायचो. कुठून निघालात, काय पाहिलंत, कुठे अडलात. ती सांगता सांगता पुढची योजना त्यांच्याच तोंडून यायची, आणि स्वतःच्या तोंडून आलेली योजना माणूस जास्त जबाबदारीने पार पाडतो.

पुढच्या जूनमध्ये नात बारावीत जाईल, त्यानंतर शिकायला बाहेर. कुठल्या गावी, माहीत नाही. तिच्या आईवडिलांना काळजी आहे, मलाही आहे. तिथे तिच्यासोबत आम्ही नसू, आमचे बाणही नसतील. तोवर तिला जमेल तेवढा सराव करून द्यायचा, स्वस्तात चुकण्याचा सराव, असं मी ठरवलं आहे.

म्हणून माझी आजी-आजोबांना एक विनंती आहे. घरात एखादं मूल असा खेळ खेळत असेल तर 'बंद कर ते' म्हणण्याआधी अर्धा तास शेजारी बसा. झोपेचे, अभ्यासाचे तास जरूर ठरवून द्या, तिथे फिती लावा. पण बसलात की हात मांडीवर ठेवा. 'डावीकडे जा' म्हणू नका. ते विचारतील तेव्हा फक्त उलटा प्रश्न विचारा, की आपण कुठून परत फिरलो होतो? मूल सांगेल. आणि ते सांगत असताना त्याच्या डोक्यात केवढा मुलूख तयार झालाय ते तुम्हाला दिसेल.

एवढंच सांगायचं होतं.  जय हिंद.